मँगनीजचा मोसम

मृग बहाराची संत्री बेसा चौकातल्या हातगाड्यांवर दिसायला लागली की माझ्या घरात दोन दिवस सगळे जरा जपून बोलतात. नवरा म्हणतो, "आली बरं का तुझी संत्री." मुलगी साल सोलून माझ्या नाकापाशी धरते आणि पळून जाते. फेब्रुवारीचं ऊन अजून टोचत नसतं, हवा कोरडी होऊ लागलेली असते, आणि सालीतून उडालेला तेलाचा बारीक फवारा डोळ्यांत गेला की झोंबतो. लोकांना वाटतं, नागपूरची बाई, संत्र्याच्या वासानं सुखावत असेल. मी सुखावत नाही. मला राग येतो. नऊ वर्षांपूर्वी आला होता तसाच, ताजा. आणि तो येतो याचं मला मुळीच वाईट वाटत नाही.

त्या मोसमात मी पीएच.डी.च्या तिसऱ्या वर्षाला होते. काम असं होतं की संत्र्याच्या चोथ्यातली साखर एका काळ्या बुरशीला खायला घालायची आणि तिच्याकडून सायट्रिक आम्ल करवून घ्यायचं. लिंबाची फोड जिभेला लावल्यावर डोळे मिटायला लावतं ते हे आम्ल. सरबताच्या बाटलीवर, जॅमच्या बरणीवर, फसफसणाऱ्या गोळ्यांच्या पाकिटावर त्याचं नाव असतं. पण बाजारातलं हे आम्ल बहुतेक सगळं लिंबातून येतच नाही, बुरशीतून येतं. जुन्या कांद्याच्या पापुद्र्याखाली काळी भुकटी दिसते ना, तीच ती. आपण ती नळाखाली धुऊन टाकतो. मी ती दोन वर्षं जिवापाड जपली होती.

आठवड्यातून एकदा एसटीनं काटोलला जायची. मंडीत मालाची प्रतवारी झाली की दबलेली, डाग पडलेली संत्री एका कोपऱ्यात ढीग करून टाकलेली असत. मी दोन पिशव्या भरून घ्यायची. एका व्यापाऱ्यानं एकदा विचारलं, "मॅडम, इतक्या सडक्या संत्र्याइचं करता काय?" मी म्हटलं, "आंबट करते." तो हसला आणि शेजारच्याला म्हणाला, "बाई आंबट करून राहिली म्हणते, आपन गोड करून करून थकलो." परतीच्या बसमध्ये पिशव्या पायांशी. कुणी नाक मुरडायचं, कुणी पिशवीत हात घालून त्यातल्या त्यात बरं संत्रं काढून मागायचं. नागपुरात शिरताना मेट्रोचे खांब दिसायचे, तेव्हा नुकतेच उभे राहत होते, वरून सळ्या बाहेर आलेले. सगळं शहरच अर्धवट बांधलेलं वाटायचं. मीही.

ही बुरशी भारी लहरी आहे. साखर भरपूर द्या, हवा भरपूर द्या, पण धातूंच्या बाबतीत हात आखडता घ्यावा लागतो. लोह, जस्त आणि सगळ्यांत जास्त मँगनीज. हजार लिटरच्या टाकीत चिमटीतही येणार नाही इतकं मँगनीज पडलं तरी खेळ बिघडतो. बुरशी मजेत वाढते, अंगानं भरते आणि आम्ल द्यायचं सोडते. म्हणून चोथ्याचा रस मी आधी धातू पकडून ठेवणाऱ्या बारीक मण्यांच्या नळीतून गाळून घ्यायची, मग डिस्टिल्ड पाण्यानं पातळ करायची, फ्लास्कमध्ये भरून निर्जंतुक करायची, त्यात काळे बीजाणू सोडायची. आठ दिवस ते फ्लास्क शेकरवर गरगर फिरत राहायचे. आठव्या दिवशी गाळलेल्या द्रवात ब्युरेटमधून थेंब थेंब अल्कली. आम्ल जितकं जास्त, तितका गुलाबी रंग यायला उशीर. पहिली दोन वर्षं त्या गुलाबी रंगानं मला खूप ताटकळत ठेवलं, आणि ताटकळण्यात इतकं सुख असतं हे मला तिथंच कळलं.

काचेची भांडी धुवायचं काम शेवंतामावशींकडे होतं. शेवंता मेश्राम. पन्नाशीच्या, ठेंगण्या, बाह्या कोपरापर्यंत सरकवलेल्या. सतरा वर्षं त्या एकाच सिंकपाशी उभ्या होत्या, पण नेमणूक कंत्राटी, दर वर्षी नव्यानं. फ्लास्क विसळताना मोठ्यानं मोजायच्या, "एक पानी, दोन पानी, तीन पानी." मग खिडकीतल्या उजेडासमोर उलटा धरायच्या. पाण्याचा एक थेंब जरी काचेला अडकून राहिला तरी पुन्हा साबण. "थेंब अडला म्हंजे काच अजून खराब हाय," त्या म्हणायच्या. रसायनशास्त्राच्या पुस्तकात हीच खूण दिलेली आहे. मावशींनी ते पुस्तक वाचलेलं नव्हतं.

माझे मार्गदर्शक, आमचे सर, वाईट माणूस होते असं मी म्हणणार नाही. तसं म्हटलं तर गोष्ट फारच सोपी होईल. जुना काचेचा डिस्टिलेशन संच दिवसभर गुरगुरून जेमतेम एक कॅन पाणी द्यायचा, महिन्या-दोन महिन्यांनी तडकायचा. नव्या यंत्रासाठी सरांनी कितीतरी वर्षं अर्ज केले होते. डिसेंबरात ते आलं. चकचकीत स्टीलचं, भिंतीवर बसवलेलं, खाली स्टीलचीच साठवणटाकी. नारळ फोडला, हार घातला, पेढे वाटले. सरांनी टाकीवर पडलेला अंगठ्याचा ठसा स्वतःच्या रुमालानं पुसला होता, ते मला अजून दिसतं. त्या क्षणी मला त्यांच्याबद्दल माया वाटली होती.

जानेवारीत माझं आम्ल गेलं.

पहिल्यांदा वाटलं अल्कली चुकीची बनवली. चार थेंबांत सगळं गुलाबी. मग वाटलं साखर कमी पडली. मग बीजाणू म्हातारे झाले असतील. मी एकेक गोष्ट बदलून पाहिली, मण्यांची नळी नवी भरली. प्रत्येक आठव्या दिवशी तोच निर्लज्ज गुलाबी. तो रंग मला तेव्हापासून आवडत नाही. मुलीला त्या रंगाचा फ्रॉक कुणी आणला की मी तो मुकाट्यानं कपाटात मागे सरकवायची.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात सर शेकरपाशी आले. प्रयोगशाळेत आम्ही पाच-सहा जण होतो. सरांनी एक फ्लास्क उचलला, पाहिला, खाली ठेवला.

"दोन वर्षं सगळं नीट चाललं होतं," ते म्हणाले. "बुरशी तीच, साखर तीच, ही अर्चना तीच. मग बिघडलं कुठं? धुण्यात."

सिंकपाशी नळ बंद झाला. "धुनं नाही बदललं, सर," मावशी म्हणाल्या.

सर त्यांच्याकडे न बघता म्हणाले, "स्वच्छता अशी शिकवून येत नाही हो. ती घरातून यावी लागते."

मावशी बौद्ध, मी बौद्ध. दोघींच्या घरची माणसं छप्पन साली याच शहरात पांढरे कपडे घालून उभी होती. सरांनी जात काढली नाही, कुणाचं नाव घेतलं नाही, आवाजही चढवला नाही. त्याची गरजच नव्हती. ते वाक्य कुठल्या पत्त्यावर पाठवलंय हे आम्हा दोघींना वाचून दाखवावं लागत नव्हतं. बाकीच्यांनी आपापल्या वह्यांत डोकी घातली. मी माझ्या पायांकडे पाहिलं. मावशींनी नळ पुन्हा सोडला. "एक पानी, दोन पानी..." आवाज नेहमीपेक्षा जरा मोठा होता.

दोन दिवसांनी ऑफिसातून टाइप केलेला एक कागद आला. "माझ्या निष्काळजीपणामुळे प्रयोगाच्या साहित्यात अशुद्धता राहिली, त्याबद्दल मी दिलगीर आहे." खाली सहीची जागा. सही केली की पुढच्या वर्षाची नेमणूक निघेल, असा निरोप. मावशींनी ओले हात पदराला पुसले, कागद धरला, ओठ हलवत दोनदा वाचला आणि घडी घालून शिपायाच्या हातात परत दिला.

मी दुपारी त्यांना गाठलं. "मावशी, सही केली असती तर नेमणूक तरी निघाली असती."

"अंगठेवाली असती तं लावून बी देला असता," त्या म्हणाल्या. "मले वाचता येते ना वं. वाचलं, म्हनूनच नाही केली."

मला ओशाळं वाटलं. आणि ओशाळं वाटायला अजून एक कारण होतं. त्याच सकाळी सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं होतं. मार्चमध्ये माझा आढावा होता, बाहेरून एक तज्ज्ञ प्राध्यापिका येणार होत्या. सर अगदी मऊ आवाजात म्हणाले होते, "जुने आकडे दाखव. जानेवारीपासूनच्या बॅचेस टाकून दे. भांडी नीट न धुतल्यामुळे दूषित झाल्या, एवढं एक वाक्य लिही. प्रकरण मिटेल. तुझं वर्ष वाया जाणार नाही."

मी ताडकन नाही म्हणाले, असं इथं लिहायला मला फार आवडलं असतं. मी म्हणाले, "बघते, सर." दोन दिवस मी ते वाक्य मनातल्या मनात लिहून पाहिलं. सोपं वाक्य होतं. व्याकरणही बरोबर होतं. आज वर्गात मुलांना प्रामाणिक नोंदींवर भाषण देताना मला हे दोन दिवस आठवतात, आणि मी ते त्यांना सांगते. माणूस 'बघते' म्हणतो तिथंच सगळं ठरतं, हे त्यांना माहीत असलेलं बरं.

तिसऱ्या दिवशी मी सिंकपाशी उभी होते. मावशी माझेच फ्लास्क रिकामे करत होत्या.

"तू सगळ्यायले इचारून राहिली," त्या म्हणाल्या. "पुस्तकाले इचारलं, कंप्युटरले इचारलं. मले काहून नाही इचारलं वं?"

"तुम्हाला काय विचारू, मावशी?"

"फ्लास्क कोन वततो? मीच ना? सांग बरं, पहिले यातले गोळे कसे राहत होते?"

मला सांगता येईना. शेकरवर फिरता फिरता बुरशीचे छोटे छोटे गोळे बनतात, एवढं माहीत होतं. मी ते गाळायची, वाळवायची, तोलायची. ओले असताना मी त्यांच्याकडे कधी धड पाहिलंच नव्हतं.

"साबुदान्यावानी राहत होते," मावशी म्हणाल्या. "गोल, टनक. वतले की जाळीवर टपटप पडत. आता हे पाह्य." त्यांनी फ्लास्क वाकडा केला. आतून एक पांढुरका, झिपऱ्या झिपऱ्या लगदा काचेला धरून लोंबला. "भिजलेल्या कापसावानी. मी सतरा साल भांडे धुतले पोरी. घान राहिली तं वास येते, रंग बदलते, दुसरं काहीबाही उगवते. गोळ्याचा कापूस होत नाही. हे धुन्याचं काम नोहे."

"हे कधीपासून असं होतंय?"

"कधीपासून म्हंजे? नारळ फोडला तेव्हापासून."

मी हात न धुताच एक झिपरी काचपट्टीवर घेतली आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. लांबच लांब, सरळ, सुखानं वाढलेले धागे. फ्रीजमध्ये डिसेंबरच्या आधीचा एक नमुना जपून ठेवलेला होता, तो लावला. आखूड, फुगीर, गाठी गाठी आलेले तुकडे. दोन्ही चित्रं मी पुस्तकात पाहिलेली होती. पहिलं मँगनीज मिळालेल्या बुरशीचं, दुसरं मँगनीजला मुकलेल्या बुरशीचं. मी रस गाळून त्यातलं मँगनीज कणकण काढून टाकत होते आणि पाण्यातून ते परत ओतत होते.

मँगनीज हे नाव माझ्या घरात नवीन नव्हतं. आईचे वडील रामटेकच्या वाटेवर मनसरच्या खाणीत कामाला होते. आई सांगायची, ते घरी आले की तळहातांच्या रेषा काळ्या, नखं काळी, थुंकी काळी. ज्या धातूचे डोंगर आमच्या माणसांनी पाठीवरून वाहिले, त्याचा कणसुद्धा मला माझ्या फ्लास्कमध्ये नको होता, आणि तो आत आला तो एका चकचकीत टाकीतून, हार घालून.

पण टाकीतून आला हे म्हणणं वेगळं, दाखवणं वेगळं. यंत्र बसवताना कापलेला, त्याच टाकीच्या नळाचा बोटभर तुकडा खिडकीच्या कट्ट्यावर पडून होता. तो मी पर्समध्ये टाकून घरी नेला. माझे बाबा हिंगण्याच्या एमआयडीसीत स्टीलचं फॅब्रिकेशन करायचे. तीस वर्षं टाक्या, रेलिंग, पाइप. त्यांनी तुकडा वळवून पाहिला, कानसीनं थोडा घासला, एका बाटलीतला थेंब त्यावर टाकला, बॅटरीची तार टेकवली. स्टीलमधलं मँगनीज ओळखायची ही रीत भंगारवाल्यांपासून फॅब्रिकेटरांपर्यंत सगळे वापरतात. थेंब लालभडक झाला.

"दोनशे नंबरी स्टील आहे हे, स्वस्तातलं," बाबा म्हणाले. "निकेल महाग पडते म्हणून ते कमी करतात अन् मँगनीज भरतात. ताटं-वाट्या कराले चालते. यात गरम पानी रातदिवस ठेवत नसतात वं."

"नक्की, बाबा?"

"तीस वर्षं स्टील कापून राहिलो मी, अन् तू मले नक्की इचारतं?" मग जरा थांबून म्हणाले, "सरले सांगशील?"

"सांगेन. पण ते ऐकणार नाहीत."

"नाही आयकलं तं ते त्याइचं. सांगाचं तं तुयं."

मी सांगितलं. सरांनी तो तुकडा टेबलावर असा ठेवला जणू मी रस्त्यावरून काहीतरी उचलून आणलं होतं. "तुझे वडील वेल्डर आहेत ना?"

"हो, सर."

"मग प्रयोगशाळा त्यांनाच चालवायला देऊ या का?" ते हसले नाहीत. "हे यंत्र मी किती वर्षांनी मिळवलंय तुला माहीत आहे? आता नवे प्रयोग बंद. आढाव्याची तयारी कर."

मी केबिनबाहेर आले तेव्हा माझे कान तापले होते. गंमत अशी की त्या वाक्यानं माझी सगळी भीती गेली. वर्ष वाया जाईल, प्रबंधावर सरांची सही मिळणार नाही, हे सगळं होतंच. पण बाबांच्या तीस वर्षांवर कुणी असं बोट ठेवल्यावर 'बघते, सर' म्हणणारी मुलगी माझ्यात शिल्लकच राहिली नाही.

सदर भागातल्या एका कॉलेजात माझी मैत्रीण शिकवत होती. आमचा संच यंत्र आल्यावर भंगारात गेला होता, पण तिथं अजून जुना काचेचा संच होता. मी तिच्याकडून काचेच्या बाटल्यांत पाणी भरून घेतलं, प्रत्येक बाटलीला एकेक ओढणी गुंडाळली आणि स्कूटीवर पुढे पायांत ठेवून, प्रत्येक खड्ड्याला शिव्या देत, मेट्रोच्या खांबांमधून वाट काढत आणलं. प्रयोगशाळेत चार रांगा लावल्या. पहिल्या रांगेत नव्या यंत्राचं पाणी. दुसरीत सदरचं काचेतलं पाणी. तिसरीत तेच काचेतलं पाणी, पण मी मुद्दाम अगदी कणभर मँगनीज घातलेलं. चौथीत यंत्राचंच पाणी आणि त्यात थोडंसं तांबं, कारण तांबं मँगनीजची पेशीत शिरायची वाट अडवतं असं मी वाचलं होतं. आणि सगळे फ्लास्क धुतले मावशींनी.

"ब्रश बी एकच ठेवतो," त्या म्हणाल्या. "साबन एक, हात एक. मंग सांगू दे कोनाले काय सांगाचं थे."

शेवटच्या विसळण्याला प्रत्येक रांगेला तिचं तिचं पाणी. मावशींनी चिठ्ठ्या लावल्या, आपल्या अक्षरात. सर त्या आठवड्यात प्रयोगशाळेत फिरकले नाहीत. आले असते तरी मी शेकर बंद केला नसता.

चौथ्या दिवशी सकाळी मावशी माझ्या आधी येऊन शेकरसमोर उभ्या होत्या. त्यांनी नुसतं बोट दाखवलं. दुसऱ्या रांगेत साबुदाणा. तिसरीत कापूस. पहिलीत कापूस. चौथीत, यंत्राच्याच पाण्यात, छोटे छोटे गोळे धरू लागलेले. त्या माझ्याकडे पाहून हसल्या, पहिल्यांदाच त्यांचे सगळे दात मला दिसले. आठव्या दिवशी दुसऱ्या रांगेच्या द्रवात मी अल्कली सोडत राहिले, सोडत राहिले, ब्युरेट पुन्हा भरावी लागली, आणि गुलाबी काही येईना. तांब्याच्या रांगेतही आम्ल परतलं होतं, जुन्याइतकं नाही, पण परतलं होतं. एका ओळखीच्या प्रयोगशाळेतून दोन्ही प्रकारचं पाणी तपासून घेतलं. टाकीच्या पाण्यात मँगनीज होतं. काचेच्या पाण्यात तपासणीच्या यंत्राला सापडेल एवढंही नव्हतं.

मार्चमधल्या आढाव्याला हॉलमध्ये पंखे सुरू झाले होते. बाहेर कुणीतरी संत्री सोलत होतं, वास आत येत होता. मी जुने आकडे दाखवले, मग जानेवारीचे, मग चार रांगांचे फोटो. सर पुढच्या रांगेत होते. टाकीच्या नळाच्या तुकड्याचा फोटो पडद्यावर आला तसे ते म्हणाले, "अर्चना, हे आपण आत बोलू."

"सर, आरोप बाहेर झाला होता," मी म्हणाले.

बाहेरून आलेल्या प्राध्यापिका पुढे वाकल्या. त्यांनी आधी सरांना विचारलं, "नव्या यंत्राचं पाणी धातूंसाठी तपासलं होतं?" सरांनी नकारार्थी मान हलवली. मग मला विचारलं, "गोळ्यांचा आकार बदललाय हे कुणाच्या लक्षात आलं?"

"शेवंता मेश्राम. आमच्या प्रयोगशाळेत भांडी धुतात त्या."

"त्या आहेत इथं?"

मावशी दाराशी उभ्या होत्या. त्या पुढे आल्या नाहीत. तिथूनच म्हणाल्या, "हाव, मीच पाहिलं." आणि हातातला ब्रश तसाच धरून उभ्या राहिल्या.

पुढं काय झालं ते मी सजवून सांगणार नाही. आढावा पार पडला. सर माझ्याशी चार महिने बोलले नाहीत. प्रबंध एक वर्ष उशिरा गेला. टाकी बदलली गेली. नंतरच्या विद्यार्थ्यांना सर ही गोष्ट वर्गात सांगायचे म्हणे, स्वतःला लागलेला शोध म्हणून. मी एका कॉलेजात शिकवायला लागले आणि आता बेसाला राहते. शेवंतामावशी पुढं निवृत्त होईपर्यंत त्याच सिंकपाशी होत्या, नेमणूक दर वर्षी नव्यानंच.

मला कधी कधी व्याख्यानांना बोलावतात. प्रास्ताविक करणारे उत्साहानं म्हणतात, पाहा, बुरशीसुद्धा अभावात असली की मौल्यवान काही देते, अभावातूनच माणूस घडतो. मी माइकवर आले की पहिल्यांदा हे खोडून काढते. बुरशी आपल्याला काही देत नाही. मँगनीज न मिळाल्यानं तिच्या आतला कारभार बिघडतो, तिला नीट वाढता येत नाही, साखरेचं काय करावं ते कळत नाही, म्हणून आम्ल बाहेर सांडतं. ते आपल्या उपयोगाचं आहे, म्हणून आपण त्या उपासमारीला गुण म्हणतो. माणसांच्या उपासमारीला गुण म्हणणाऱ्यांनी आधी सांगावं, त्यातून सांडलेलं आम्ल कुणाच्या बाटलीत गेलं. माझ्या आजोबांना मनसरला जे मिळालं नाही ते मिळालं असतं तर ते जास्त चांगले घडले असते. मावशी चौथीनंतर शिकल्या असत्या तर ते सूक्ष्मदर्शकातलं चित्र त्यांनीच आधी पाहिलं असतं. सभागृह थोडं अवघडतं. अवघडू दे.

आणि तरी मृगाची संत्री आली की मला आठवतो तो ना आढावा, ना तो पडदा. आठवते त्यानंतरच्या आठवड्यातली एक दुपार. ऑफिसातून निरोप आला होता की मेश्रामबाईंची नेमणूक निघाली, विषय संपला. मावशी हात पुसून सरळ सरांच्या केबिनमध्ये गेल्या. मी त्यांच्या मागे दारात.

"सर, कागद द्या," त्या म्हणाल्या.

"कसला कागद? नेमणूक झाली ना?"

"मले सही कराले देला होता ना एक. तसाच द्या. आता तुमी सही करा."

सरांनी पॅड ओढलं, दोन ओळी लिहिल्या, सही केली आणि कागद पुढे सरकवला. मावशींनी तो उचलला. या वेळी मनात नाही, मोठ्यानं, एकेक शब्द सुटा सुटा करत वाचला. "भांडी धुण्याबाबत... गैरसमज... झाला होता..."

त्या थांबल्या. कागद परत टेबलावर ठेवला.

"गैरसमज नाही झाला, सर. आळ घेतला. आळ लिवा."

"दोन्हीचा अर्थ एकच आहे," सर म्हणाले.

"एकच असता तं तुमी पहिलेच लिवला असता."

सरांचा चेहरा लाल झाला. मला वाटलं आता ते ओरडतील. त्यांनी पेन उचललं, 'गैरसमज' या शब्दावर एक रेघ ओढली आणि वर बारीक अक्षरात लिहायला सुरुवात केली.

"खाडाखोड नको," शेवंतामावशी म्हणाल्या. "नवा कागद घ्या."

सरांनी नवा कागद घेतला.